गादीवरची गार जागा

गादीवाल्याच्या घरात सगळं मऊ असतं असा लोकांचा समज असतो, आणि तो खराच आहे. त्या घरात टणक वस्तू शोधायची तर सासूबाईंच्या जिभेपर्यंत जावं लागायचं. बाकी खुर्चीवर गादी, बाकावर गादी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावरसुद्धा गिऱ्हाइकाने नाकारलेली गादी. पलंगावरची तर विचारायलाच नको. ती गादीवाल्याने स्वतःच्या घरासाठी स्वतःच्या हाताने भरलेली, निवडक कापसाची. तिच्यात माणूस शिरला की अर्धा दिसेनासा व्हायचा. अशा घरातल्या सुनेचा, म्हणजे गादीवाल्याच्या बायकोचा, मणका दुखावला आणि डॉक्टरांनी तिला कडक अंथरुणावर पडून राहायला सांगितलं. तिने मान डोलावली, आणि घरी येऊन त्याच गादीत रुतली.

तिला सगळे वहिनी म्हणत. नवऱ्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं म्हणत, म्हणून गल्ली म्हणायला लागली, आणि गल्लीचं ऐकून तिच्या ऑफिसातही तेच नाव पडलं. काम मात्र तिचं वहिनीसारखं अजिबात नव्हतं. जी घरं अजून बांधलीच गेली नाहीत त्यांची चित्रं ती कॉम्प्युटरवर करायची. बिल्डरकडे नुसता खड्डा असे, आणि वहिनीच्या चित्रात मात्र खिडकीतून ऊन येऊन दिवाणखान्यात लोळत असे. लोक ते ऊन बघून घर घेत. या कामात तिची एक खोड होती. चित्रात माणूस ती कधी घालायची नाही. त्याऐवजी खुर्ची जराशी मागे सरकवायची, पुस्तक पालथं ठेवायची, उशीवर डोक्याचा खळगा पाडायची. "माणूस दाखवला की ते त्याचं घर होतं," ती म्हणायची. "आत्ताच कुणीतरी उठून गेलंय असं वाटलं, की बघणाऱ्याला ते आपलं वाटतं."

ही युक्ती तिला सुचली ती नवऱ्याच्या धंद्यावरून. गादीवाला म्हणायचा, कापूस काही विसरत नाही. माणूस जिथे झोपतो तिथे त्याचा साचा पडतो, आणि तो उन्हात घालून जात नाही की झटकून जात नाही. म्हणून त्यांच्या दुकानाचा बापजाद्यांपासूनचा नियम होता: घरातलं माणूस गेलं की त्याची गादी उसवायची, कापूस पिंजायचा आणि नव्याने भरायचा. गिऱ्हाइकांना तो हे स्वतः जाऊन सांगायचा. रडणाऱ्या घरात शिरून गादी मागून आणणारा म्हणून त्याने शिव्याही खाल्ल्या होत्या.

तो गेला तेव्हा त्याची गादी मागायला कुणी आलं नाही. येणार कोण? मागणारा तोच होता. एका दुपारी तो दुकानातून जेवायला आला, जेवला, आणि "जरा पडतो, चहाला उठवा," म्हणून पलंगावर आपल्या बाजूला आडवा झाला. तो उठलाच नाही. वहिनी ऑफिसात होती, घरात फक्त सासूबाई होत्या. त्याला वर्ष उलटून गेलं. दुकान दुसऱ्याने चालवायला घेतलं. गादी मात्र कुणी उसवली नाही, आणि पलंगाच्या दाराकडच्या बाजूला त्याच्या अंगाचा खळगा तसाच राहिला. वहिनी खिडकीकडे झोपायची. खळग्याकडे पाठ करून झोपायची, हेही सांगून टाकायला हवं.

मग ती ऑफिसच्या जिन्यावरून घसरली, आणि दिवसरात्र त्या पलंगावर येऊन पडली.

ऑफिसचे साहेब वाईट नव्हते. मोठं काम हातात होतं, एका उंच इमारतीतल्या सगळ्या घरांची चित्रं विक्री सुरू होण्याआधी द्यायची होती. त्यांनी वहिनीकडे एक मोठा लॅपटॉप पाठवला आणि फोनवर गोड आवाजात सांगितलं, "वहिनी, झोपून करा, पण करा. या वेळी उशीर झाला तर बिल्डर काम दुसरीकडे देईल. मग मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही." म्हणजे नोकरी जाईल हे त्यांनी न बोलता सांगितलं. दुकान गेलेलं, घरात दोन बायका, आणि त्यातली एक आडवी. वहिनी कामाला लागली.

लॅपटॉप म्हणजे फरशीचा तुकडाच होता, तेवढाच मोठा आणि तेवढाच जड. पण चित्र तयार करायला लावलं की ती फरशी तव्यासारखी तापायची. एकेका चित्राला दुपार जायची, आणि अर्ध्यावर आलं की पंखा घरघर करून यंत्र आपोआप बंद पडायचं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. खालच्या मजल्यावर राहणारा कॉम्प्युटरवाला येऊन बघून गेला आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, हा हवा खालून घेतो," तो म्हणाला. "तुम्ही याला या गादीवर ठेवताय म्हणजे काय करताय ठाऊक आहे? झोपलेल्या माणसाच्या तोंडावर उशी दाबताय."

हे वाक्य त्याने त्या पलंगाशेजारी उभं राहून म्हणायला नको होतं. सासूबाई दारातून मुकाट्याने आत निघून गेल्या. त्याच्याही ते लक्षात आलं, आणि बिचारा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

त्यानंतर यंत्र गार ठेवायचे जे उपाय झाले त्यांची गंमतच होती. खाली लाकडी ट्रे ठेवला, तो गादीत बुडाला. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे उलटा घातला, तो दोन चित्रांत चपटा झाला. सासूबाईंनी पिठाची चाळण दिली, आणि "परत करशील तेव्हा धुऊन दे" असंही बजावलं. टेबलफॅन लावला तर वहिनीचे दात वाजायचे आणि यंत्र मात्र तापलेलंच. बर्फाची पिशवी ठेवली तेव्हा कॉम्प्युटरवाला फोनवरच ओरडला. वहिनी उशांना टेकून, पोटावर ते धूड घेऊन पडायची, आणि तारीख जवळ यायची.

एका दुपारी औषधाने तिचा डोळा लागला. चित्र लावलेलं होतं. झोपेत कधीतरी लॅपटॉप तिच्या अंगावरून घसरला. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि खोलीत पंख्याची घरघर नव्हती. मेलं, पुन्हा बंद पडलं, म्हणून तिने चरफडत मान वळवली. लॅपटॉप खळग्यात बसला होता. पडदा चालू होता. चित्र पुरं झालं होतं. तिने यंत्राच्या बुडाशी हात घातला, आणि झटकन मागे घेतला.

ते विहिरीच्या पाण्यासारखं गार होतं.

मग तिने ते बाजूला सारलं आणि गादीवरच हात ठेवला. वर्षभर तिने त्या जागेला हात लावला नव्हता. खळग्याच्या कडेपर्यंत गादी जशी असायची तशीच होती. कड ओलांडली की गार. चादर कोरडी, वर पंखा नाही, खिडकी पलीकडे. तिने बोटांनी कड चाचपत नेली. खांदे, पाठ, कंबर, आणि खाली जरा वाकवलेले गुडघे. गारव्याला त्याचा आकार होता.

वहिनी घाबरली, सपाटून घाबरली. पण माणूस घाबरून किती वेळ घाबरणार? त्यात पाठ हलू देत नव्हती. हळूहळू भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं, आणि ती रडायला लागली. तो अजून इथेच आहे, एवढंच तिला कळलं, आणि तेवढ्याने तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप मुद्दाम खळग्यात ठेवला. "जरा सांभाळ," असं हळूच म्हणालीही. चित्रं भराभर व्हायला लागली. गादीवाल्याने आयुष्यभर बायकोच्या कामात कधी लुडबुड केली नव्हती, आता मात्र तो मन लावून मदत करत होता. निदान तिने तसं धरलं. सासूबाईंना ती काही बोलली नाही. हे आपल्या दोघांतलं, असं तिला वाटलं.

आठवडाभराने साहेबांचा फोन आला. चित्रं आवडली होती, पण एक शंका होती.

"सगळ्या खोल्यांची दारं अर्धवट उघडी का आहेत, वहिनी? काही नवी कल्पना आहे का?"

वहिनीने चित्रं उघडून बघितली. तिने दारं बंद काढली होती. ती नेहमी बंदच काढायची, अर्ध्या दारापलीकडचा अंधार चित्रात बरा दिसत नाही म्हणून. पण खळग्यात तयार झालेल्या प्रत्येक चित्रात दार हातभर उघडं होतं. शयनघर असो, मुलांची खोली असो, कुणीतरी बाहेर पडताना दार तसंच टाकून गेल्यासारखं.

तिला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. गादीवाल्याने जन्मात कधी दार ओढून घेतलं नव्हतं. त्यांच्या घराचं बाहेरचं दार चौकटीत अडकायचं. बाहेरून ते लावायचं तर पाय रोवून, दोन्ही हातांनी जोर करून ओढावं लागे. एवढा जोर घरात त्याच्याच अंगात होता; रात्री आतून रेटून लावायचा तेवढाच, बाहेर जाताना कधी नाही. तो बाहेर पडला की मागून सासूबाई रोज ओरडायच्या, "दार! दार ओढ!" तोवर तो जिना उतरून गेलेला असायचा. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," असं म्हणून सासूबाई हात टेकायच्या. तो गेल्यापासून ते दार लागलंच नव्हतं. एकीचे हात म्हातारे, दुसरीच्या अंगात तेवढा जोर नाही, आणि आता पाठही दुखरी. रात्री सासूबाई दाराला आतून जड खुर्ची लावून ठेवायच्या, इतकंच. आणि बघा, म्हण खोटी पडली होती. मेल्यावरही खोड गेली नव्हती.

वहिनीने साहेबांना सांगितलं, "हो, कल्पनाच आहे."

पण काम पुढे सरकत गेलं तसं तिच्या लक्षात आलं की यंत्र पुन्हा कोमट लागतंय. तिने हात घालून बघितला. गुडघ्यांचा गारवा गेला होता. मग कंबरेचाही गेला. खळगाही उथळ झाला होता, कापूस कडेने वर येत होता. यंत्र ज्याच्यावर गार होत होतं ते संपत होतं. वहिनीला हे कळत होतं, तरी ती रोज स्वतःला म्हणायची, आणखी एकच घर. एवढा मजला झाला की बास. तारीख डोक्यावर आली होती, आणि पोट कुणाला चुकलंय! गारवा ताटाएवढा उरला, मग बशीएवढा, जिथे त्याची छाती यायची तिथे.

अशाच एका दुपारी ती डोळे अर्धवट मिटून पडली होती. औषधाने रोज दुपारी लागायची तशी झोप नव्हती, नुसती गुंगी. दार हलकेच सरकलं आणि सासूबाई आत आल्या. त्या पलंगाच्या दाराकडच्या बाजूला टेकल्या. चालू लॅपटॉप त्यांनी दोन्ही हातांनी धापा टाकत उचलून बाजूला ठेवला. इतक्या सराईतपणे, की वहिनीला कळलं, हे रोजचं आहे. मग त्यांनी खळग्यात तळवा ठेवला. कुठे ठेवायचा ते त्यांना शोधावं लागलं नाही.

"ऊठ रे," त्या पुटपुटल्या. "चहाची वेळ झाली. ऊठ बाबा."

मग त्यांनी हात इकडेतिकडे फिरवला, घाईने, अंधारात काडेपेटी चाचपावी तसा.

"कमी का लागतंय? आहेस ना? असा कसा जाशील न उठता?"

वहिनीने डोळे पूर्ण उघडले नाहीत. उघडले असते तर दोघींनाही ते सोसलं नसतं. सासूबाई गेल्यावर ती उशीत तोंड खुपसून पडून राहिली. जे आपलं एकटीचं म्हणून ती बिनदिक्कत वापरत होती, ते तिच्या आधीपासून दुसऱ्या कुणाचंतरी होतं. वर्षभर, रोज दुपारी. स्वतःची तिला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

तिने फोन करून कॉम्प्युटरवाल्याला वर बोलावलं. "हे घेऊन जा."

"बिघडलंय?"

"नाही. घेऊन जा आणि ऑफिसात पोचतं कर."

"अहो, पण तुमचं काम? थोडंच राहिलंय म्हणत होता ना?"

"राहू दे."

त्याने लॅपटॉप काखेत मारला. जाताना बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला, "दार ओढून घेऊ का?"

"नको रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "मग आम्हाला आतून उघडता येत नाही. राहू दे उघडंच."

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आता आवाज गोड नव्हता. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला. नोकरी गेली.

आता गारवा पुन्हा पसरेल अशी तिला आशा होती. ती तासातासाने हात लावून बघायची, तापातल्या पोराचं कपाळ बघावं तसं. पण तो पसरलाही नाही आणि आक्रसलाही नाही. बशीएवढा होता, तेवढाच राहिला.

एके दुपारी तिने सासूबाईंना हाक मारली.

"आई, या. आज मी जागी आहे."

सासूबाई दारात थबकल्या. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग त्या आल्या आणि आपल्या जागी बसल्या. वहिनीने त्यांचा हात धरून खळग्यात ठेवला आणि वर आपला ठेवला.

"तुला ठाऊक होतं?"

"मला उशिरा कळलं. आणि आई, हे कमी झालं ना, ते माझ्यामुळे. मी त्याच्यावर लॅपटॉप गार करत होते."

सासूबाईंनी हात मात्र काढून घेतला नाही. त्या म्हणाल्या, "मला म्हणाला होता, चहाला उठवा. मी आत डोकावले. इतका गाढ झोपला होता गं. म्हटलं, दमलाय, झोपू दे जरा. चहा झाकून ठेवला." त्यांनी तळवा खळग्यात दाबला. "तेव्हा हाक मारली असती तर?"

"डॉक्टर म्हणाले होते ना, त्याआधीच..."

"डॉक्टरांना काय जातंय म्हणायला! त्याने मला सांगितलं होतं. मी उठवलं नाही, म्हणून तो पडून राहिलाय."

वहिनी म्हणाली, "तुम्ही रोज पुटपुटता, आई. त्याला कधी पुटपुटून जाग यायची का? मोठ्याने मारा हाक. मारायचात तशी."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मग सरळ बसली, आणि अख्खा जिना दणाणेल अशा आवाजात ओरडली, "अरे ऊठ! किती लोळशील? चहा गार झाला, दुकान कोण उघडणार? ऊठ म्हणते ना!"

खोलीत काही हललं नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढंच. सासूबाईंची सगळी ताकद त्या हाकेत गेली असावी. त्या तिथेच कडेला आडव्या झाल्या, हात खळग्यात ठेवून. वहिनीही पडून राहिली. दोघींच्या मधे ती जागा. कधी डोळा लागला ते दोघींनाही कळलं नाही.

वहिनीला जाग आली ती कसल्याशा आवाजाने, पण जागी झाल्यावर कसला आवाज ते आठवेना. सासूबाई उठून बसल्या होत्या आणि गादीकडे बघत होत्या. खळगा नव्हता. कापूस सपाट वर आला होता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. सासूबाईंनी तिचा हात ओढून तिथे ठेवला.

जागा गरम होती.

लॅपटॉप जाऊन कितीतरी दिवस झाले होते. ऊन पलंगापर्यंत येत नव्हतं, आणि सासूबाई कडेला झोपल्या होत्या, तिथे नाही. शिवाय यंत्राची धग वहिनीच्या चांगल्या ओळखीची होती, ती कोरडी असते. ही ऊब दमट होती. सकाळी तो उठून गेल्यावर ती त्याच्या जागेवर सरकायची तेव्हा तिच्या गालाला लागायची, तीच.

"उठला गं," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता उठलाय." त्या रडत होत्या, पण आवाज मोकळा होता. "उद्या दुकानातून कुणाला तरी बोलाव. गादी उसवू."

"हो, आई."

चहा टाकते म्हणून त्या बाहेर गेल्या. पावलं बाहेरच्या खोलीपर्यंत गेली आणि थांबली. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. वहिनी कशीबशी उठली आणि भिंतीला धरून, पाय ओढत गेली. सासूबाई बाहेरच्या दारासमोर उभ्या होत्या.

दार लागलं होतं. चौकटीत गच्च, वर्षभरात पहिल्यांदा. जिन्यावरून आत येणारा उजेडाचा पट्टा नाहीसा झाला होता. सासूबाईंनी कडी धरून दोनदा ओढून बघितली. ते तसूभरही हललं नाही.

"आता कॉम्प्युटरवाल्याला हाक मारायला हवी," वहिनी म्हणाली. "बाहेरून ढकलायला."

"मारू. काही घाई नाही." सासूबाईंनी दारावर तळवा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "ऐकलं बघ. शेवटी एकदा ऐकलं माझं."